तीच दूर्वा, की दुसरी?

उष्ण प्रदेशात हिरवळ करायची म्हटली, की माळी आधी एकच गोष्ट विचारतो: बी पेरायचं, की काशा, म्हणजे गवताच्या खोडांचे तुकडे, लावायच्या? त्याच्या दृष्टीने हा पैशांचा आणि मजुरीचा प्रश्न. बी स्वस्त पडतं, काशा लावायला माणसं लागतात. जैन मुनी, बौद्ध भिक्षू आणि ग्रीक तत्त्ववेत्ते मात्र या प्रश्नाच्या अगदी जवळ येऊन फार वेगळ्या कारणाने अडले होते.

गवत कोणतं, हे आधी सांगायला हवं. क्रीडांगणावरचं बर्म्युडा, शेतातली हरळी आणि गणपतीला वाहायची दूर्वा या एकाच वनस्पतीच्या तीन नोकऱ्या आहेत. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांच्या ग्रंथात तिचा क्रमांक लव्हाळ्याखालोखाल दुसरा आहे. ज्या शेतकऱ्याने नांगरामागून चालत तिच्या काशा वेचून जाळल्या आहेत, त्याला एवढा मान कमीच वाटेल.

बी पेरून उगवलेली हिरवळ म्हणजे गर्दी असते. शंभर चौरस मीटरला साधारण अर्धा ते एक किलो बी पुरतं. ते इतकं बारीक, की अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर वर येण्याची शाश्वती नाही. माती वीस अंशांच्या वर तापलेली हवी आणि वरचा थर सतत ओला हवा, म्हणजे एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात. या गवताला स्वतःचे परागकण सहसा चालत नाहीत, त्यामुळे प्रत्येक बियाला दोन वेगळे पालक असतात आणि प्रत्येक रोप जरा निराळं निघतं. वाकून पाहिलं तर हिरव्याच्या चार छटा आणि पात्यांच्या चार जाड्या दिसतात.

काशांचं तसं नाही. पावसाच्या तोंडावर दोन-तीन पेरांचे तुकडे चार-चार बोटांवर खोचले, की पेरापेरातून मुळं सुटतात, धावती खोडं पसरतात आणि काही महिन्यांत मैदान भरतं. भरपूर ऊन मात्र पाहिजे. झाडाच्या सावलीत हे गवत रुसतं. इथे नवं कोणी जन्मलेलं नाही. एकच झाड लांबत गेलं, मधून तुटलं, आणि तुटूनही जगलं.

याचं टोक गाठलं अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन या गावी. ग्लेन बर्टन यांनी तिथल्या संशोधन केंद्रातून १९६० मध्ये ‘टिफवे’ हा संकरित वाण दिला. आपल्या दूर्वेची गुणसूत्रं बहुधा ३६, तिच्या आफ्रिकी चुलत बहिणीची १८. संकरात आली २७. गुणसूत्रांच्या जोड्या जुळत नसल्यामुळे टिफवेला उगवणारं बी धरत नाही. तिची लागवड होते ती फक्त तुकड्यांनी किंवा गवताच्या गाद्यांनी. म्हणजे जगभरातल्या मैदानांवर पसरलेली टिफवे ही एका रोपाचीच फाळणी आहे.

आता दूर्वेकडे माणूस काय मागतो ते पाहावं. अग्निचयन या वैदिक विधीत विटांच्या जोडीने दूर्वेचा झुबका मांडतात. त्या वेळच्या मंत्रात तिचं पेरापेरातून उगवणं वर्णिलं आहे आणि तसंच शेकडो-हजारोंनी आम्हाला वाढव, अशी विनवणी आहे. अनवलोभन संस्कारात गर्भवतीच्या उजव्या नाकपुडीत दूर्वांचा रस घालण्याची पद्धत आहे. मागणं वंशाचं, आणि मागायचं ते संततीवाचूनही पसरणाऱ्या गवताकडे. मंत्रकर्त्याचं निरीक्षण चुकलेलं नाही. त्याने बी नव्हे, पेरच पाहिलं. पण मग त्याला काय हवं होतं, पुढे कोणी दुसरा की स्वतःच पुढे? मुलगा बापासारखा नाही निघाला म्हणून खंतावणाऱ्या घरांकडे पाहिलं, तर बहुतेकांना काशी हवी असते आणि पदरात बी पडतं.

जैन परंपरेने ‘तोच, की दुसरा’ याचा हिशेब सर्वांत काटेकोरपणे मांडला. दशवैकालिक सूत्रात वनस्पतींचे प्रकार सांगताना शेंड्यापासून, मुळापासून, पेरापासून, खोडापासून आणि बियापासून उगवणाऱ्या अशी वर्गवारी आहे. गवताचाही उल्लेख आहे. जीव तर अखंड, त्याचे तुकडे होत नाहीत. मग तुटलेल्या पेरातून उगवतो तो कोण? दहाव्या शतकात लिहिलेल्या गोम्मटसार या ग्रंथात आचार्य नेमिचंद्रांनी बियाविषयी दोन्ही दारं उघडी ठेवली: जुना जीवही तिथे पुन्हा येऊ शकतो, निराळाही येऊ शकतो. तोडलेल्या काशीलाही हेच उत्तर लावावंसं वाटतं. ॲरिस्टॉटलही तोडून जगणाऱ्या वनस्पतींपाशी थबकला होता. झाडातला आत्मा प्रत्यक्षात एक, पण शक्यतेत अनेक, अशी त्याची तोड. ती चतुर आहे, पण नेमका प्रश्न टाळते. जैनांचं उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं.

बौद्ध विनयात पेरापासून उगवणाऱ्या वनस्पतींचा असाच वर्ग आहे आणि वनस्पती तोडणं भिक्षूला वर्ज्य आहे. वर्षावासाची प्रथाही, भिक्षू पावसात कोवळं गवत तुडवत फिरतात या लोकांच्या तक्रारीतून सुरू झाली, असं महावग्ग सांगतो. टिफवे एक ते अडीच सेंटिमीटरवर राखायची तर उन्हाळ्यात यंत्र थांबत नाही, तेव्हा त्या भिक्षूंना मैदान सांभाळायला ठेवणं अवघडच. गवताला मात्र हे सोसतं, कारण त्याचे वाढीचे डोळे जमिनीलगत असतात. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्सा छाटला तर ते आणखी दाट होतं.

‘तेच ते’ या कल्पनेला खरा धक्का मैदानांवरच बसला. टिफवेच्या आधी बर्टन यांनीच दिलेला ‘टिफग्रीन’ वाणही तुकड्यांनीच वाढवला जाई. त्याच्या गोल्फ हिरवळींवर काही ठिकाणी बुटक्या, बारीक पात्यांचे ठिपके दिसू लागले. परागकण नाहीत, बी नाही, बाहेरून काही आलेलं नाही. वाढतावाढता पेशींतच बदल झाला होता. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहाटेची ज्योत संध्याकाळचीच नव्हे आणि दुसरीही नव्हे, असं बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला सांगितलं होतं, ते इथे गवतात दिसलं. असे ठिपके मैदानाची देखरेख करणारे सहसा खणून टाकतात, कारण हिरवळ एकसारखी दिसत नाही. हे मात्र जपले गेले, वेगळे वाढवले गेले, आणि १९६५ मध्ये ‘टिफड्वार्फ’ या नव्या नावाने लागवडीला आले.