उसना दशक

दिल्लीतील शाळांची हिवाळी सुट्टी जानेवारीच्या मध्यास संपते. सकाळचे धुके तेव्हा पुरते विरलेले नसते आणि दुसरीतील मुले लोकरी टोप्यांतूनच हिशेबाची नवी रीत शिकू लागतात. बावन्नातून सत्तावीस वजा करावयाचे. दोनातून सात जात नाहीत. म्हणून शेजारच्या पाचाकडून एक दशक 'उधार' आणावयाचा. आमच्या नातीने हे उदाहरण आम्हांस करून दाखविले. उत्तर बिनचूक पंचवीस आले. मग पेन्सिल खाली ठेवून तिने विचारले, "आजोबा, पाचाचं उसनं परत कधी करायचं?"

"गणितात परत करावं लागत नाही," असे आम्ही सांगून टाकले, आणि दुसऱ्याच क्षणी ओशाळलो.

शाळेतला 'उधार' घरी तिने 'उसना' केला होता, यात तिची चूक नव्हती. आपल्याकडे उसन्याला व्याज नसते, लेखी करार नसतो. असते ते केवळ परत करण्याचे गृहीत. सरकारी वसाहतीत आयुष्य काढलेल्यांना हे सांगावयास नको. शेजारच्या तमिळ कुटुंबाकडून विरजणासाठी आणलेली एक वाटी आमच्या सामानात तीन शहरे हिंडली आहे. बदलीचा हुकूम आला, बांधाबांध झाली, वाटी राहिली. ती दिसली की आजही मन चरकते. आणि एवढी आस्था ज्या शब्दात आहे, तोच शब्द सात वर्षांच्या मुलीला शिकवून 'येथे परतफेड नाही' म्हणावयाचे?

आम्ही स्वतः वेगळ्या रीतीने शिकलो होतो. वरच्या दोनाचे बारा करावयाचे, आणि खालच्या दोनात हातचा एक मिळवून तीन; मग पाचातून तीन गेले, उरले दोन. देणे फिटले, असे आम्हांस तेव्हा वाटे. आता ध्यानी येते की दिले ते भलत्यालाच. पाचाच्या पदरी काहीच पडले नाही. खरी गोष्ट एवढीच की दोन्ही संख्यांत दहा मिळविले तर अंतर बदलत नाही : बासष्टातून सदतीस गेले तरी पंचवीसच. आणि नातीच्या रीतीतही उसनवारी नाहीच. बावन्न म्हणजे चाळीस आणि बारा. आपल्याच घरातील दहाची एक जुडी सोडली, एवढेच.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस' ऐवजी 'वीस सात' असेही वाचता येईल अशी सोय केली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब उडाला होता! नावाच्या रूपासाठी आपण भांडलो. 'उसने' या शब्दातील खोटेपणाबद्दल मात्र कोणी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सोयीचे असत्य मुलास सांगावे की नाही? वर्गभर मुलांपुढे उभ्या असलेल्या शिक्षिकेला आम्ही दोष देणार नाही. बोट धरून चालविताना थोडे वाकावेच लागते. परंतु ज्या उपमेने हात चालू लागतो आणि प्रश्न मात्र बंद होतो, ती उपमा मुलाने प्रश्न विचारताच मागे घेतली पाहिजे, असे आमचे मत आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पायाभूत टप्प्याची शेवटची इयत्ता हीच, दुसरी. पायात काय घालावे, याचा विचार येथेच व्हावयास हवा.

संध्याकाळी आम्ही आगपेटीच्या काड्यांच्या पाच जुड्या बांधल्या, दोन सुट्या ठेवल्या. तिने एक जुडी सोडली, बारा काड्या मोजल्या, सात उचलल्या, आणखी दोन जुड्या बाजूस सारल्या.

"म्हणजे कोणाचंच काही घेतलं नाही!" ती म्हणाली. मग थोडे थांबून : "पण उद्या बाईंनी विचारलं, तर उधार म्हणू ना?"

"म्हण," आम्ही म्हणालो. पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या शब्दांत टिपणे लिहिलेला माणूस याहून निराळे काय सांगणार? तिने मान हलविली आणि सोडलेली जुडी पुन्हा बांधावयास घेतली. काड्या पाचच उरल्या होत्या.