बंगल्यात मुतारी

नव्या बंगल्याचं प्लंबिंग सुरू झालं तसं पोराने फर्मान काढलं, "आण्णा, कमोडशेजारी पुरुषांचं भांडं बसवू." हिने ऐकलं आणि भडकली. घरात मुतारी? हे काय एसटी स्टँड आहे? त्यात पलीकडच्या भिंतीला देवघर.

देवघर हलवता येईल. माझ्या माळकरी डोक्यात दुसराच किडा आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात याचे नियम आहेत: उभ्याने नको, चालताना नको, रस्त्यात, राखेत, गोठ्यात, नांगरलेल्या रानात नको, दिवसा तोंड उत्तरेला, रात्री दक्षिणेला, आणि घरापासून लांब. आमच्या आज्याला हा ग्रंथ कुणी वाचून दाखवला नव्हता, तरी तो जन्मभर बांधाच्या कडेला बसूनच मोकळा झाला. नांगरलेलं रान मात्र त्याने पाळलं नसणार. कुणब्याने जायचं तरी कुठं!

बाकीचे नियम सोडा, मला खुपतं ते 'लांब'. पुण्यातला माणूस बटन दाबतो आणि शुद्ध होतो. त्याचं लांब म्हणजे आमचा दौंड तालुका. मुळा-मुठा शहराची घाण घेऊन खाली येते, आणि मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेलं सांडपाणी बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतीला सोडतात. आमच्या खुटबावकडच्या माणसाने नदीकाठची जलपर्णी आणि तो वास अनुभवलाय. घाण लांब लोटली की सोवळं झालं, हे त्याला कसं पटावं? ती पोचते तिथला माणूस आणि ती उपसणारा हात, दोघंही या हिशेबात धरलेलेच नाहीत. अस्पृश्यता याच हिशेबावर पोसली. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध 1993 आणि 2013 असे दोन कायदे झाले, तरी गटारात उतरणारा बहुतेक वेळा त्याच जातींतला.

कणकवलीच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी उलटा धर्म चालवला. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात, मला भंगीकाम करू द्या म्हणून या ब्राह्मणाने अन्न सोडलं. येरवडा तुरुंगातून गांधीजीही त्या उपोषणात उतरले. पुढं कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचं खत केलं. शुचिता त्यांनी घाण लांब लोटण्यात नाही, स्वतःच्या हातात शोधली. मनूपेक्षा मला हे शास्त्र जवळचं वाटतं.

तेव्हा भांडं बसवायला माझी ना नाही. कमोडला एका वेळी सहाएक लिटर पाणी जातं, याला लिटरभरही पुरतं. पाइप ड्रममध्ये काढू आणि भरपूर पाणी मिसळून परसातल्या केळींना देऊ. लघवीत युरियाच असतो, त्याची गोणी आपण पैसे मोजून आणतो.

राहिला हिचा खरा आक्षेप, जो तिने एसटी स्टँडमागे दडवला होता: घासणार कोण? आजवर घरातला संडास कुणी घासला, हे आम्हा बापलेकांना माहीत आहे. म्हणून पोराला अट घातली आहे. जो उभा राहील त्यानेच ते घासायचं, मीसुद्धा; सून नाही, कामवाली नाही. कबूल असेल तर मिस्त्रीने भोक पाडावं, नसेल तर तिथं साधी टाइल बसवावी.