देवाला टाइल्स

२०२२ च्या पावसाळ्यात वणीच्या सप्तशृंगी देवीचा शेंदूर काढला. साधारण दीड महिना दर्शन बंद होतं. कित्येक पिढ्यांनी लावलेला शेंदूर थरावर थर चढून दगडासारखा झाला होता. तो उतरवल्यावर डोंगराच्या कड्यात कोरलेली अठरा हातांची मूर्ती नीट दिसू लागली. नवरात्रात दर्शन सुरू झालं आणि फोटो सगळीकडे फिरले. आमच्या फॅमिली ग्रुपवर एका आत्याने लिहिलं, ‘सुंदर आहे, पण माझी देवी ही नव्हे.’ तिला नव्वदएक लाइक आले असते, पण ग्रुपमध्ये तेवढी माणसंच नाहीत.

आत्याचं वाक्य भाबडं म्हणून सोडून देता येईल. मला ते तसं वाटत नाही. ती साठ वर्षं ज्या रूपासमोर उभी राहिली ते रूप शेंदराचं होतं. तिच्या आईने, आजीने बघितलं तेही तेच. मग खरं काय? कारागिराने कोरलेला दगड, की त्यावर भक्तांच्या हातांनी साचत गेलेलं सगळं? आणि थर ठेवायचा की काढायचा, हे ठरवायचा हक्क कुणाला?

हा प्रश्न मला वणीपेक्षा खारघरमध्ये जास्त छळतो. खारघर म्हटलं की लोकांना टॉवर, सेंट्रल पार्क, मेट्रो आणि पावसाळ्यातला पांडवकडा आठवतो. पण सेक्टरांच्या नंबरांच्या मधोमध बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे अशी गावं आहेत. प्रत्येक गावात देऊळ आहे आणि बहुतेक ठिकाणी ते एकदा तरी पाडून नवं झालं आहे. मी ज्या देवळाबद्दल बोलतेय त्याचं गाव सांगत नाही, कारण तिथे अजून काही ठरलेलं नाही. आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटपासून ते पाच मिनिटांवर आहे. सागाचे चार खांब, वर कौलं, तुळयांवर हळदीकुंकवाची बोटं, आत शेंदूर लावलेला तांदळा. तांदळा म्हणजे न घडवलेला दगड. त्याला चांदीचे डोळे नंतर कधीतरी बसवलेत. दुपारी आत गेलं की कौलांच्या फटीतून उन्हाचे कवडसे पडतात आणि बाहेरच्यापेक्षा चांगलंच गार वाटतं.

गावकऱ्यांचा बेत असा: हे सगळं उतरवायचं, आरसीसीचा स्लॅब टाकायचा, वर उंच शिखर, खाली ग्रॅनाइट, भिंतींना देवांची चित्रं छापलेल्या टाइल्स, पुढे स्टीलचं ग्रिल. ऐकून माझ्या पोटात कालवलं. माझी एक मैत्रीण त्याच गावातली. तिच्या काकांना मी म्हटलं, ‘काका, आहे ते किती छान आहे.’ काका हसले. ‘बाय, तुमचे घरान टाइल्स, तुमचे बाथरूमान टाइल्स, आन आमचे देवालाच निसता दगर?’

याला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर आधी मागचं बघायला हवं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली. मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत उरणच्या जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. आता गावदेवीचं काम काय असतं? वेस राखणं. इथे वेशीवर सिग्नल आहे. शिवाराच्या जागी माझा टॉवर आहे, त्यात चौदाव्या मजल्यावर मी राहते. ज्या गावाच्या जमिनीचा नकाशा दुसऱ्यांनी काढला, त्या गावाचा शब्द शेवटचा ठरेल अशी जी एक जागा उरली ती हे देऊळ. तिथेही मी जाऊन सांगायचं, की बदलू नका, मला असंच आवडतं?

शिवाय माझी आवड तरी कुठून आली? खारघरहून तळोजा ओलांडून पुढे गेलं की अंबरनाथचं शिवमंदिर येतं. शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं. काळ्या दगडात तळापासून वरपर्यंत एक वीत जागा कोरी सोडलेली नाही. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात आणि वर बघितलं तर शिखराच्या जागी आभाळ दिसतं. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यामुळे तिथे कुणी ऑइल पेंट लावू शकत नाही आणि पूजाही थांबलेली नाही, महाशिवरात्रीला तर पाय ठेवायला जागा नसते. मी तिथले फोटो काढते ते कॉन्ट्रास्ट वाढवून, दगड आणखी काळा करून. उघडा काळा दगड म्हणजे अस्सल, हे आमच्या पिढीच्या डोळ्यांत बसलंय. पण वेरूळच्या कैलास लेण्याला एकेकाळी रंगमहाल म्हणत. त्यावर चुन्याचा गिलावा होता, रंग होते, त्यांचे तुकडे अजून दिसतात. ज्यांनी ते घडवलं त्यांना उघडा दगड कदाचित अर्धवट काम वाटला असता.

इंग्लंडमधल्या खेड्यांच्या जुन्या चर्चचंही हेच झालं. सिनेमात दिसतात ती राखाडी, शांत, गंभीर चर्च. मध्ययुगात ती आतून आपल्या जत्रेइतकी रंगीत होती. दारासमोरच्या भिंतीवर बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा भलाथोरला संत क्रिस्तोफर, कारण त्याचं दर्शन घेतलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही अशी समजूत. समोरच्या कमानीवर शेवटच्या निवाड्याचं चित्र. वाचता न येणाऱ्यांनाही कळेल असं. १५४७ नंतर, सहाव्या एडवर्डच्या राज्यात, हे सगळं मूर्तिपूजा ठरलं. मूर्ती फोडल्या, चित्रांवर चुना फासला. तीनशे वर्षांनी व्हिक्टोरियन लोक ‘मूळ रूप’ शोधायला निघाले आणि कित्येक ठिकाणी गिलाव्यासकट चित्रंही खरवडून काढली. आज सिनेमात जो उघडा दगड पवित्र वाटतो त्याचं बरंच श्रेय या खरवडण्याला आहे.

सफोकमधल्या वेनहॅस्टन गावची गोष्ट मला फार आवडते. १८९२ मध्ये तिथल्या चर्चची दुरुस्ती चालू होती. कमानीतल्या चुना फासलेल्या जुन्या लाकडी फळ्या काढून आवारात टाकल्या, जाळायच्या होत्या. रात्री पाऊस पडला. सकाळी चुना धुऊन गेला होता आणि फळ्यांवर निवाड्याचा दिवस उभा होता: थडग्यांतून उठणारी उघडी माणसं, आत्मे तोलणारा देवदूत, पाप्यांना गिळणारा माशासारखा जबडा. मधेच काही आकृत्या रिकाम्या. तिथे क्रूस आणि संतांच्या कोरीव मूर्ती जडवलेल्या होत्या. चित्रकाराने त्यांच्यामागे रंग लावलाच नव्हता. मूर्ती गेल्या, त्यांच्या आकाराची कोरी जागा राहिली. गंमत अशी, की ज्यांनी चित्र मिटवायला चुना फासला, त्यांच्याच चुन्याने ते साडेतीनशे वर्षं टिकवलं.

याच सुमारास, १८७७ मध्ये, विल्यम मॉरिसने जुन्या इमारती वाचवणारी संस्था काढली. तिचं टोपणनाव ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडविरोधी. मॉरिसचं म्हणणं थोडक्यात असं, की इमारतीचं कुठलंही एक वय खरं नसतं. बाराव्या शतकातला खांब, पंधराव्यातली खिडकी, अठराव्यातलं बाक, सगळेच तिचे. एका काळासाठी बाकीचे पुसणं म्हणजे खोटेपणा. गळती थांबवा, आधार द्या, त्यापलीकडे हात लावू नका.

मला मॉरिस पटतो, पण पूर्ण नाही. कारण त्याला आवडणारे ते सगळे थर हात न लावता आले नव्हते. कुणीतरी जुनी भिंत पाडली म्हणून पंधराव्या शतकातली खिडकी बसली. त्या वेळी मॉरिस असता तर त्याने तिलाही विरोध केला असता.

आपल्याकडे थरांचा एक वेगळा विचार आहे. शेंदराची खोळ वाढत जाते आणि एक दिवस आपोआप गळते. मोरगावच्या मयूरेश्वराची खोळ १७८८ आणि १८८२ मध्ये गळाल्याचं सांगतात. कुणी खरवडत नाही, कुणी थांबवतही नाही. लावणाऱ्याला लावू दिलं जातं, कारण त्याचा थर कायमचा नसणार हे सगळ्यांना माहीत असतं. टाइल्सचं तसं नाही. सिमेंटमध्ये बसलेली टाइल गळत नाही, फोडावी लागते, आणि फोडताना मागचं सोबत घेऊन जाते. माझा टाइल्सवरचा राग सौंदर्याचा आहे असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, माझं खरं भांडण तिच्या पक्केपणाशी आहे. पुढच्या पिढीला काढावंसं वाटलं तर काढता येणार नाही, असं काही करायचा हक्क आजच्या कमिटीला आहे का?

हे मी काकांना सांगण्याआधीच गावातल्या एका पोराने बैठकीत पंढरपूरचे फोटो दाखवले. २०२४ मध्ये विठ्ठल मंदिरात नंतर बसवलेलं ग्रॅनाइट आणि चांदी काढून मूळ दगड उघडा केला. काका माळकरी, त्यांनी ते स्वतः जाऊन बघितलंय. त्यांचं उत्तर मात्र चोख होतं: तिथे खाली कोरलेले खांब होते म्हणून काढायला अर्थ होता. आपल्याकडे खाली काय आहे? आधी झाडाखालचा दगड, मग कूड, मग कौलं. प्रत्येक पिढीने ऐपतीप्रमाणे बांधलं, आता आमची ऐपत आहे. आणि तिकडे इस्कॉनचं एवढं मोठं नवं मंदिर झालं, पंतप्रधान येऊन उद्घाटन करून गेले, तिथे संगमरवर चालतो.

मला यातलं एकही वाक्य खोडता आलेलं नाही. फक्त एक गोष्ट त्यात बसत नाही: ऐपत वाढली की आधीच्यांचं काम नाहीसं करावं लागतं, हे कुठून आलं? ते सागाचे खांब कुणाच्या तरी पणजोबांनी खांद्यावरून आणलेत. त्यांचं मोल जुनेपणात नाही. ती गरिबीत केलेली गोष्ट आहे आणि नीट केलेली आहे.

हे बोलायचा हक्क मला आहे का, तर इंग्लंडच्या त्या चर्चकडे पुन्हा बघावं लागतं. तिथे जुना रिवाज असा, की वेदीकडच्या भागाची डागडुजी धर्मगुरूने करायची आणि लोक बसतात त्या भागाची गावाने. त्यासाठी गावाकडून कर घेत आणि तो १८६८ पर्यंत सक्तीचा होता, तुम्ही प्रार्थनेला जा अथवा जाऊ नका. आजही तिथे बाकं हलवायची झाली तरी चर्चच्या न्यायालयाची परवानगी लागते आणि त्या हद्दीत राहणारा कुणीही, अगदी देव न मानणाराही, हरकत घेऊ शकतो. हद्दीत राहणं एवढंच पुरतं. मला हे आवडलं, आणि त्याच वेळी खुपलंही, कारण हरकतीचा हक्क तिथे शेकडो वर्षांच्या वर्गणीमागून आला. आमच्या सोसायटीत चैत्रातल्या जत्रेची पावती घेऊन गावची पोरं आली की वॉचमन त्यांना गेटवरच थांबवतो, आणि ग्रुपवर ढोलाच्या आवाजाची तक्रार पडते.

या वर्षी मी पावती फाडली आणि बैठकीला जाऊन मागे बसले. खांब आणि तुळया नव्या मंडपात वापराव्यात, भिंतींना टाइल्सऐवजी रंग द्यावा, एवढंच म्हटलं. रंग पुन्हा काढता येतो. टाइल्सवरून बराच आवाज झाला, त्या बहुधा लागणारच. खांबांचं मात्र काकांनी ऐकून घेतलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, खांब सुटे करून, वाळवी बघून, पुन्हा उभे करायचे तर सुताराचा खर्च वेगळा पडेल. काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘तुमचे बिल्डिंगीन किती घरां हान?’ मी सांगितलं, एकशे बारा. त्यांनी वहीत तो आकडा लिहून घेतला.