सात वाजताचा भोंगा आणि गीतेतलं कासव



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५८ आणि ५९.

आजचं चिंतन थोडं मोठं आहे आणि थोडं लाजिरवाणंही. पण ते न सांगता या श्लोकांवर लिहिणं म्हणजे ढोंग झालं असतं.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. एका गुरुवारी रात्री ऑफिसमधून वाकोल्याला घरी आलो, तर आई सोफ्यावर बसलेली, उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची पारदर्शक पट्टी. शेजारी समोरच्या काकू. मी घाबरून विचारलं, "आई, काय झालं?" ती शांतपणे म्हणाली, "अरे, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं ना आज. मंगळवारी सांगितलं होतं तुला. तू 'हं, चालेल' म्हणालास."

म्हणालो असेन. मला आठवतही नव्हतं. काकू तिला रिक्षाने घेऊन गेल्या, सही त्यांनीच केली. मी म्हटलं, "अगं, मग सकाळी एक फोन करायचास!" त्यावर ती जे बोलली ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. "फोन सारखा तुझ्या हातातच असतो रे. म्हणून वाटलं, तू मोकळा नसशील."

आता खरी गंमत ऐका. मंगळवारी संध्याकाळी मी रील्स बघत नव्हतो. मी गीता वाचत होतो, फोनवर. वाचता वाचता वरून एक नोटिफिकेशन आलं आणि आदल्या दिवशीच्या चिंतनाला किती जणांनी हात जोडले ते बघायला गेलो. आई त्याच वेळी बोलत होती.

म्हणून आज हे दोन श्लोक.

अर्जुनाने ५४व्या श्लोकात विचारलंय की स्थितप्रज्ञ माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. भगवंत उत्तर देताना ५८व्या श्लोकात कासवाचा दाखला देतात. कासव जसं सगळ्या बाजूंनी आपले अवयव आत ओढून घेतं, तसा जो इंद्रियांना त्यांच्या विषयांपासून आवरून घेतो, त्याची बुद्धी स्थिर झाली असं समजावं.

आपण हे वाचलं की लगेच वाटतं, म्हणजे सगळं बंद! पण माउलींनी ज्ञानेश्वरीत (शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०) इथे किती सुंदर बारकावा सांगितलाय पाहा. ते म्हणतात, कासव खुशीत असलं की अवयव पसरतं आणि मनात आलं की आपलं आपण आवरून घेतं. म्हणजे पसरणंही आहे आणि आवरणंही आहे. कासव पाय तोडून टाकत नाही. पाय त्याचे आहेत, ते त्याच्या इच्छेने बाहेर येतात आणि त्याच्याच इच्छेने आत जातात. बस, एवढंच.

मग स्वतःला विचारायचा प्रश्न असा : माझा हात खिशाकडे जातो तेव्हा तो माझ्या इच्छेने जातो का?

याचं उत्तर मला जरा जास्तच नीट माहीत आहे, कारण ते माझं काम आहे. मी ज्या अ‍ॅपवर काम करतो त्यात कोणाला, कधी, कुठलं नोटिफिकेशन पाठवायचं हे ठरवणारा कोड आमची टीम लिहिते. माणूस कधी मोकळा असेल, कधी जरा कंटाळलेला असेल, याचा आम्ही अंदाज बांधतो. संध्याकाळची वेळ आम्हाला आवडते. लोक ट्रेनमधून उतरलेले असतात, जेवण व्हायचं असतं. आपल्या आज्या त्याच वेळेला दिवेलागण म्हणायच्या. हातपाय धुवून, देवापाशी दिवा लावून, शुभंकरोती आणि परवचा म्हणायची ती वेळ.

यातलं शास्त्र जुनंच आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. कबुतराने चकतीवर चोच मारली की दाणा मिळायचा. दाणा दर वेळी मिळाला नाही, कधी मिळेल याचा नेम राहिला नाही, तर कबूतर चोच मारतच राहतं. पुढे दाणे पूर्ण बंद केले तरी कितीतरी वेळ मारत राहतं. आपण बोटाने स्क्रीन खाली ओढून सोडतो तेव्हा दुसरं काय करतो? आणि कधीच न संपणारं स्क्रोल २००६ मध्ये तयार करणारा इंजिनिअर अझा रास्किन याने पुढे त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पान संपलं की माणूस क्षणभर थांबतो आणि विचार करतो. त्याने ते थांबणंच काढून टाकलं होतं. त्याची खंत वाचली तेव्हा मी मान हलवली होती आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन आपलं काम केलं होतं.

असो. आता एका गावाकडे जाऊ.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. कोविडच्या काळात शाळा ऑनलाइन झाली, मुलांच्या हातात मोबाईल आले, शाळा पुन्हा भरली तरी मोबाईल काही हातातून सुटेनात. मोठ्यांचंही टीव्ही आणि फोनपुढे तेच. मग सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावाने ठरवलं आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. साडेआठपर्यंत. त्या दीड तासात मुलं अभ्यासाला बसतात, कोणी वाचतं, घरातली माणसं एकमेकांशी बोलतात.

सुरुवातीला लोक हसले म्हणे. साहजिक आहे. मग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी गेले आणि समजावलं. नुसता भोंगा वाजवून ते थांबले नाहीत, हे लक्षात घ्या.

मला हे वाचून कासवच आठवलं. अख्ख्या गावाने मिळून संध्याकाळी पाय आत घेतले आणि साडेआठला पुन्हा बाहेर काढले. फोन कोणी विहिरीत टाकला नाही.

मी लगेच उत्साहाने नक्कल केली. सांताक्रूझमध्ये भोंगा कुठला? इथे डोक्यावरून विमानं जातात आणि खाली रिक्षांचे हॉर्न. मी फोनवरच सातचा अलार्म लावला (हो, फोन बंद करायची आठवण करायला फोनच!). शिवाय एक शनिवार पूर्ण उपास धरला. फोन स्टीलच्या कपाटात, चावी आईकडे.

काय झालं असेल? दिवसभर मी कपाटाकडे बघत होतो. कोणाचा मेसेज आला असेल, ग्रुपवर काय चाललं असेल. आणि रात्री बाराला फोन हातात आला तो पहाटे अडीचपर्यंत सुटला नाही. आपल्याकडे म्हण आहेच : एकादशी, दुप्पट खाशी.

इथेच ५९वा श्लोक येतो आणि मला वाटतं, डिजिटल उपासाबद्दल इतकं अचूक दुसरं कोणी बोललेलं नाही. भगवंत म्हणतात, जो विषयांचा आहार बंद करतो त्याचे विषय दूर होतात, पण गोडी मागे राहते. ती गोडीसुद्धा जाते, पण केव्हा? त्याहून श्रेष्ठ असं काही दिसलं की.

माउली यावर झाडाचा दृष्टांत देतात. वरवरची पालवी खुडत राहिलो आणि मुळाशी मात्र पाणी घालत राहिलो, तर ते झाड मरेल कसं? उलट त्या पाण्याच्या जोरावर अजून फोफावेल. पुढे ते असंही सांगतात की बाकीच्या इंद्रियांचे विषय तोडता येतात, पण जिभेचा रस हट्टाने तोडता येत नाही, कारण त्यावाचून जगणंच चालत नाही. मला तर हे आपल्या फोनचंच वर्णन वाटलं! लोकलचं तिकीट, भाजीवाल्याचे पैसे, ऑफिसचा ओटीपी, गावच्या काकांचा व्हिडिओ कॉल, सगळं त्यात. सोडून पळता येत नाही. मग फक्त पालवी खुडणं, म्हणजे अ‍ॅप उडवणं आणि आठवड्याने परत टाकणं, एवढंच हातात उरतं.

मग माझ्या मुळाशी मी कुठलं पाणी घालत होतो? प्रामाणिकपणे शोधलं तर उत्तर फार साधं निघालं. कोणीतरी माझी दखल घ्यावी. बस. ऑफिसमध्ये हवी, मित्रांत हवी आणि देवाबद्दल लिहिलं तरी त्याच्यावरही हवी. वरचं पान बदललं, रील्सच्या जागी गीता आली, पण मूळ तेच आणि पाणीही तेच. आणि जिने जन्मापासून माझी दखल घेतली ती शेजारी बसून बोलत होती तेव्हा मी "हं, चालेल" म्हणत होतो.

आता श्लोकाचा शेवटचा भाग. श्रेष्ठ काहीतरी दिसलं की गोडी जाते. आपल्याला वाटतं, हे तर फार पुढचं, संतांचं. पण त्याची चव थोडीशी तरी आपल्यालाही मिळते का?

ऑपरेशननंतर आईला काही दिवस वाचायचं नव्हतं. डोळ्यात ठरलेल्या वेळी थेंब घालायचे होते. ती रोज दिवेलागणीला हरिपाठ म्हणते. पाठ आहे तिचा, पण पुस्तक समोर असल्याशिवाय तिला चैन पडत नाही. म्हणून सात वाजता थेंब घालून मी तिच्या त्या हळदीकुंकवाचे डाग पडलेल्या पुस्तकातून हरिपाठ वाचायला लागलो. फोन दुसऱ्या खोलीत.

पहिले चार दिवस तोंडाने हरिपाठ आणि मनात ऑफिस. मांडीला फोन थरथरल्याचा भास व्हायचा, खिसा रिकामा असून! सहाव्या अध्यायातला २६वा श्लोक तेव्हा कामी आला : मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून त्याला परत आणायचं. रागवायचं नाही, नुसतं परत आणायचं. मी अडखळलो की आई डोळे मिटूनच पुढचा शब्द सांगायची. हरिपाठ झाला की बोलायची. तिच्या शाळेबद्दल, बाबांबद्दल, ऑपरेशनच्या टेबलावर तिला भीती वाटली होती त्याबद्दल. ती काकूंचा हात धरून आत गेली होती, हे मला तेव्हा कळलं.

बाराव्या की तेराव्या दिवशी जेवून उठलो आणि लक्षात आलं की साडेनऊ वाजलेत आणि फोनची आठवणच झालेली नाही. मी काही ठरवलं नव्हतं, दात-ओठ खाऊन आवरलं नव्हतं. आवरलं गेलं होतं. हे काही परब्रह्माचं दर्शन नव्हे, आणि दुसऱ्या दिवशी गोडी परत आलीच. पण दिशा कळली. माउली सांगतात की तो अनुभव आला की इंद्रियांचं हे आवरणं सहज होतं, ते मला त्या रात्री मोहरीएवढं का होईना, समजलं. वडगावच्या भोंग्याचंही मर्म मला यातच वाटतं. भोंगा फक्त दार लावतो. आत माणसं एकमेकांसाठी बसली तरच तो दीड तास टिकतो.

एक गोष्ट राहिली. ऑफिसमध्ये मी प्रस्ताव मांडलाय की संध्याकाळी दोन तास आपलं अ‍ॅप गप्प राहावं. ज्याला नोटिफिकेशन हवं असेल त्याने स्वतः चालू करावं. "आकडे खाली येतील," हे पहिलं उत्तर आलं. खोटं नाही, येतील. निर्णय अजून झालेला नाही आणि झाला तर कुठल्या बाजूने होईल माहीत नाही. पण स्वतः हरिपाठाला बसायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या आईचा मुलगा तिच्यापासून ओढून घ्यायचा, हे आता मला जमत नाही. या महिन्यात पुन्हा विचारणार आहे. प्रार्थना करा.

आजचा अभ्यास : संध्याकाळी एक वेळ ठरवा, अर्धा तास पुरे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि नुसतं रिकामं बसू नका, नाहीतर गोडी कपाटाकडे बघत राहील. कोणासाठी तरी काहीतरी करा : आजोबांना पेपर वाचून दाखवा, आईबरोबर मेथी निवडा, पीजीवर एकटे असाल तर मोठ्याने नामस्मरण करा. मन पळालं तर परत आणा. उद्या परत पळेल, परत आणा.

हे पांडुरंगा, आमचे हात, डोळे, कान तुझेच आहेत. ते कधी पसरायचे आणि कधी आवरायचे, एवढं कळू दे. आणि जवळ बसलेलं माणूस बोलत असताना त्यात तूच बोलतोस, हे विसरू देऊ नकोस.

उद्या श्लोक ६० : प्रयत्न करणाऱ्या शहाण्या माणसाचंही मन इंद्रियं जबरदस्तीने कशी ओढून नेतात. माझ्यासारख्यांना त्याची गरज आहेच!

राम कृष्ण हरी.