मोराचं पीस, कोंबडीचं पीस

मुनिमहाराजांच्या हातातली पिच्छी मोरपिसांची असते. तिच्याविषयी आपल्या मनात शंका येत नाही, कारण ती पिसं मोर आपण होऊन गाळतो. मग कोंबडीच्या पिसाचं काय?

प्रश्न वाटतो तेवढा लांबचा नाही. कोंबडीचं पीस म्हणजे सुमारे 90 टक्के केराटिन, आपल्या केसा-नखांत असतं त्याच जातीचं प्रथिन. त्यातले गंधकाचे बंध इतके चिवट, की ते पाण्यात विरघळत नाही, पोटात पचत नाही. दाबाखालच्या वाफेने, आम्लाने किंवा काही जिवाणूंकरवी ते बंध तोडले, की त्याचं खत होतं, जनावरांचा खुराक होतो, पिकावर फवारायचं अमिनो ॲसिड होतं. शाम्पूतलं केराटिन आणि पावाची कणीक मऊ करणारं सिस्टीनही पिसांपासून काढता येतं.

यात सोय आहेच. पिसं नाल्यात कुजतात, जाळली तर दुर्गंधी सुटते. "कोंबडी मांसासाठी मेलीच ना, मग पीस वाया का घालवायचं?" असं आपल्या घरातली तरुण मुलं विचारतात. ते उडवून लावण्यासारखं नाही.

पण आपल्याकडे हिंसा नुसती हाताने होत नाही. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्ही मोजतात. पिसाला भाव आला, की कोंबडीच्या धंद्याला दोन पैसे जास्त सुटतात, आणि उद्याच्या कोंबडीच्या हिशेबात माझाही रुपया जमा होतो. गळलेलं मोरपीस उचलल्याने असं काही होत नाही. फरक पिसात नाही, ते कसं आलं यात आहे.

म्हणून असले कारखाने बंद करा, असं मी म्हणणार नाही. खाणाऱ्यांनी आपला कचरा निस्तरावा, हे बरंच. पण निस्तरणं वेगळं आणि मी होऊन ते विकत मागणं वेगळं. रेशमाबाबत आपल्यातल्या कितीतरी जणींनी हाच विचार केला. कोशातला जीव उकळून धागा निघतो हे कळलं, आणि पूजेचं वस्त्र सुती झालं.

मात्र आधी कळायला तर हवं! खाद्यपदार्थातला प्रत्येक घटक वनस्पतीचा की प्राण्याचा हे स्पष्ट लिहा, नुसता सांकेतिक क्रमांक पुरे नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2021 साली बजावलं. 2025 साली केंद्रीय कृषी मंत्रालयाने धर्म आणि आहाराची कारणं देऊन प्राणिजन्य अशा 11 जैवउत्तेजकांची मान्यता काढून घेतली. कोंबडीच्या पिसांचंही त्यात होतं. आपल्यात शेती करणारी घरं पुष्कळ, त्यांना हे ठाऊक असावं.

केराटिन वनस्पतीत नसतं. बाटलीवर ते नाव दिसलं, तर लोकर, केस की पीस, एवढं कंपनीला विचारायला काय हरकत आहे? उत्तर आलं नाही, तर शिकेकाई अजून बाजारात मिळते.