पाण्याची सुई



आतड्याचे दुखणे आपण चारचौघांत बोलत नाही. त्यातून भगंदर असेल तर घरातही नाही. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील डॉ. क्रोन व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी ज्या आजाराचे वर्णन केले, त्यात आतड्याला सूज येते, व्रण पडतात, आणि काहींना असे भगंदर होते की ते वर्षानुवर्षे वाहत राहते.

त्यावर मूळ पेशींचा उपाय निघाला. निरोगी दात्याच्या चरबीतून पेशी काढून वाढवायच्या व १२ कोटी पेशी जखमेच्या कडेने टोचायच्या. त्या तेथील दाह शमवतील आणि जखम आपली आपण भरेल, ही कल्पना. युरोपातील ७ देश व आपले इस्राएल मिळून २१२ रोग्यांवर चाचणी झाली. २४ आठवड्यांनी पेशी मिळालेल्यांपैकी सुमारे ५० टक्क्यांना गुण आला. नुसते सलाईनचे पाणी टोचलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना. २०१८ मध्ये युरोपात परवानगी मिळाली.

आमचा प्रश्न आहे तो या पाण्याचा. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना दुसऱ्याच एका औषधाच्या चाचणीविषयी विचारणा झाली, तेव्हा त्यांची पत्नी उसळून म्हणाली, "पाणीच टोचायचं तर दवाखान्यात कशाला जायचं? ह्यांच्या नावानं चिठ्ठ्या टाकणार काय?" बाईंचा राग खोटा नव्हे. भोगणाऱ्याला जाणूनबुजून पाणी देणे आम्हासही क्रूर वाटले.

पण पुढे काय झाले पाहा. ५६८ रोग्यांवर मोठी चाचणी झाली; २०२३ मध्ये कळले की पेशीवाले व पाणीवाले यांत म्हणण्यासारखा फरक नाही. डिसेंबर २०२४ मध्ये औषधाची युरोपातील परवानगी मागे घेतली गेली. दोन्ही गटांत शस्त्रवैद्यांनी भगंदर खरवडून साफ केले होते, आतले तोंड टाके घालून बंद केले होते. बरेचसे श्रेय त्या साध्या कामाचेच असावे. पाणी घेणारे कोणी नसते, तर आम्ही आजही पेशींचे गोडवे गात बसलो असतो.

मग ते पाणी घेणे हे दान म्हणावे काय? घेणाऱ्याच्या मनात आशा पेशींचीच होती. पाणी चिठ्ठीने दिले. तरीही कदाचित पाणी मिळेल हे ठाऊक असून त्याने सही केली, म्हणून आम्ही त्यास दान म्हणतो. मात्र ठाऊक असले तर! आपले वडीलधारे हिब्रू कागदावर सही करतात, आणि मुलगा घाईघाईने मराठीत अर्धेच सांगतो. ते दान नव्हे, ती फसवणूक.

त्या गृहस्थांच्या मुलीने सगळा कागद तीन संध्याकाळी बसून मराठीत वाचून दाखवला. बाईंनी शंभर प्रश्न विचारले. मग त्यांनी सही केली. काय टोचले, हे अजून कोणालाच ठाऊक नाही.