शेजाऱ्याचा कायदा आणि आपली जबाबदारी



आमच्या घरात जे कायदेशीर आहे, त्याने शेजाऱ्याचे घर मोडत असेल तर त्याचा दोष आमच्याकडे येतो का? ‘आम्ही आमचा कायदा मोडलेला नाही’ एवढे उत्तर देवापुढे पुरेल का? हा प्रश्न एकदा मोठमोठ्या सरकारांपुढेही उभा राहिला होता.

१९२० साली अमेरिकेत दारूबंदी सुरू झाली. तेव्हा किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंतच अमेरिकेचा समुद्र मानला जाई. त्या रेषेपलीकडे दारूने भरलेली जहाजे ओळीने नांगर टाकून उभी राहू लागली. अनेकांवर ब्रिटिश निशाण होते. रात्री लहान होड्या येत आणि माल उतरवून नेत. ब्रिटनचे म्हणणे, समुद्र सर्वांना मोकळा आहे आणि आमचा कोणताही कायदा मोडला जात नाही. कायद्याच्या दृष्टीने ते खरेच होते.

तरीही २३ जानेवारी १९२४ रोजी दोन्ही देशांनी करार केला. संशयित जहाज एका तासात किनारा गाठू शकेल एवढ्या अंतरात असेल, तर अमेरिकन अधिकाऱ्यांनी ते तपासण्यास ब्रिटनने हरकत घ्यायची नाही असे ठरले. मोबदल्यात ब्रिटिश जहाजांना आपली दारू मोहोरबंद ठेवून अमेरिकन बंदरात येण्याची मुभा मिळाली. ब्रिटनला दारूबंदी पटली होती असे नाही. पण शेजाऱ्याच्या कायद्याचा मान राखण्यासाठी तो आपल्याला पटलाच पाहिजे, असेही नाही.

कॅनडात दारू परदेशी पाठवणे कायदेशीर होते. कस्टमचा अधिकारी स्वतः पीत नव्हता, विकत नव्हता. तो फक्त कागदावर शिक्का मारत होता. पण माल कुठे जाणार हे सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्याच्या पापाला जाणूनबुजून हातभार लावणे याचा विचार ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात फार बारकाईने झाला आहे. १९३० साली पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांच्या सरकारने कायदा करून हा शिक्का थांबवला.

कोणी म्हणेल, ती दारूबंदी तर फसली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली! शिवाय प्रभूने काना गावी पाण्याचा द्राक्षारस केला, आणि त्या दारूबंदीतही मिस्साच्या द्राक्षारसाला सूट होती. मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये, असे संत थॉमस अक्वायनसही शिकवतात. हे सर्व आम्हांला मान्य आहे. पण तस्कर काही त्या कायद्याचा निषेध करत नव्हता. तो कायदा होता म्हणूनच त्याला भाव मिळत होता. कायदा चुकीचा वाटला तर तो बदलण्यासाठी उघडपणे बोलावे; शेजाऱ्याच्या दुबळेपणावर पैसा करणे वेगळे.

सहकार्यालाही मर्यादा असते. १९२९ साली अमेरिकन तटरक्षकांनी ‘आय’म अलोन’ हे कॅनडाचे जहाज किनाऱ्यापासून २०० मैलांहून दूर बुडवले. एक खलाशी मरण पावला. १९२४ च्याच करारानुसार दोन्ही देशांचा एकेक प्रतिनिधी बसला. १९३५ साली त्यांनी निर्णय दिला की बुडवणे असमर्थनीय होते. अमेरिकेने माफी मागावी आणि कॅनडाला २५,००० डॉलर द्यावेत. खलाशांसाठीही भरपाई सुचवली. जहाजाच्या मालकांना मात्र काहीच मिळाले नाही, कारण पडद्याआडचे मालक अमेरिकनच निघाले.

आपल्या शेजारच्या गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे आणि दमणहून तिकडे चोरटी दारू जात असते. पण सीमा केवळ राज्यांना नसते. आपल्या गल्लीत कोणी मोठ्या कष्टाने बाटली सोडली असेल, तर त्याने आपल्या घराभोवती एक कायदा आखला आहे. त्याची बायको-मुले त्या कायद्यावर जगत आहेत. लग्नात ‘एकाने काय होतं?’ म्हणून त्याच्या हातात पेला देणारे आपण त्या सीमेपलीकडे नांगर टाकून उभे असतो. आपल्या मोकळीकीमुळे दुबळ्या भावाला ठेच लागू नये, म्हणून संत पौल मांस कायमचे सोडायला तयार होता. ‘मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय?’ या अर्थाचा प्रश्न काईनाने देवाला विचारला होता. लग्नसराई तोंडावर आहे. निमंत्रणे छापण्यापूर्वी प्रत्येक घराने त्याचे उत्तर द्यावे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू